मूर्ख कोण? सुप्याच्या खतापासून आजच्या उचलीपर्यंत

"माणसाचा स्वभावच असा आहे, त्याला आपण काय करणार?" बारामती आणि इंदापूर तालुक्यांत फिरताना हे वाक्य आम्हाला जितक्या वेळा ऐकायला मिळते, तितके दुसरे कोणतेही नाही. वस्तीचा रस्ता दहा वर्षे कागदावरच आहे? राजकारण्यांचा स्वभाव. पोरगा डिप्लोमा करून एमआयडीसीत कंत्राटावरच आहे? त्याचे नशीब. घरात दारू आहे, डोक्यावर कर्ज आहे? त्या लोकांची सवयच तशी. एकदा स्वभावाचे नाव घेतले की प्रश्न विचारण्याचे कारण उरत नाही आणि कोणाला उत्तरही द्यावे लागत नाही.

त्यात आता प्रेरणादायी व्याख्यात्यांची भर पडली आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात, बचत गटाच्या मेळाव्यात, पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला हे येतात आणि सांगतात की गरिबी ही मानसिकता आहे, सुख आपल्या आत आहे, विचार बदला म्हणजे आयुष्य बदलेल. समोर बसलेली बाई सकाळी सहाला दुसऱ्याच्या उसात खुरपायला गेलेली असते. तिने कोणता विचार बदलला म्हणजे तिची मजुरी वाढेल, हे मात्र कोणी सांगत नाही.

माणसाच्या मूर्खपणाबद्दल बोलायला आमची ना नाही. उलट ते बोललेच पाहिजे आणि आपल्या घरापासून बोलले पाहिजे. पण त्याआधी दोन प्रश्नांचा निकाल लावायला हवा. मूर्ख कोणाला म्हणायचे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हातात होता? आणि मूर्खपणा हा जन्माचा असतो की तो घडवला जातो? या प्रश्नांची उत्तरे शोधायला लांब जायला नको. ती याच दोन तालुक्यांच्या मातीत आहेत.

सुपे, १२ मे १८७५

सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, आसपासच्या गावांतले शेतकरी तिथे जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चाल केली. त्यांना मुख्यतः हवी होती कर्जाची खते आणि हिशेबाच्या वह्या. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले तिथे माणसाच्या अंगाला सहसा हात लागला नाही. कागद जाळले गेले. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासाची पुस्तके याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

हे का झाले? इंदापूर तालुका हा मुंबई इलाख्यातल्या नव्या जमीन मोजणीच्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी इथे सारा ठरवला. तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ पासून फेरमोजणी सुरू झाली आणि सारा चढला. मध्यंतरी अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला, आपल्याकडे भाव कडाडले आणि सावकार हात सैल सोडून उधारी देऊ लागला. युद्ध संपले, भाव कोसळले. उधारी थांबली, पण चढलेला सारा तसाच राहिला. त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा आला. खताची मुदत तीन वर्षे ठरली. कायदा रयतेच्या भल्याचा म्हणून केला होता. सावकाराने त्यावर तोड काढली. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवायचे आणि नवे खत लिहून घ्यायचे. वाचता न येणारा माणूस खाली निशाणी करायचा आणि आपण कशावर निशाणी केली हे त्याला कोर्टात गेल्यावर कळायचे.

आता आमचा मुद्दा. त्या काळातल्या साहेबांचे आणि पांढरपेशांचे रयतेविषयी एक ठाम मत होते. रयत उधळी आहे, लग्नकार्यात पैसा उडवते, उद्याचा विचार करत नाही, म्हणून कर्जात बुडते. म्हणजे पुन्हा स्वभावच! दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला. त्या आयोगाने हे मत तपासले आणि नोंदवले की कर्जाचे कारण म्हणून लग्नाच्या खर्चाला अवाजवी महत्त्व दिले गेले आहे. ऐपतीच्या मानाने तो खर्च जास्त असेल, पण लग्न आयुष्यात मोजक्या वेळी येते. दरवर्षी खाण्यापिण्याला, बियाण्याला, बैलाला आणि सरकारी साऱ्याला जे छोटेमोठे कर्ज काढावे लागते, तेच साचून डोंगर होतो. १८७९ साली दख्खन शेतकरी सहाय्य कायदा झाला आणि खतावर लिहिलेल्या आकड्याच्या मागे जाऊन खरा व्यवहार काय होता हे तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला.

लक्षात घ्या, हा आयोग इंग्रज सरकारचा होता. त्याला रयतेचा कळवळा होता असे नाही. तरीही हिशेब मांडल्यावर त्याला मान्य करावे लागले की दोष स्वभावात कमी आणि व्यवहारात जास्त आहे. दीडशे वर्षांनंतर माइक हातात घेऊन गरिबी ही मानसिकता आहे म्हणणारा व्याख्याता त्या आयोगाच्याही मागे उभा आहे.

आणि खत संपले आहे का? दिवाळीच्या सुमारास या दोन तालुक्यांत बीड, नगर आणि मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांचे तांडे येतात. कारखान्यांच्या आसपास आणि उसाच्या फडांजवळ त्यांच्या कोप्या पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. माणसांची मोजणी अवजाराच्या नावाने होते, यातच सगळे आले. या कोयत्याने हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. हंगामभर तोडून ती फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. वही मुकादमाकडे, हिशेब मुकादमाचा. पोरे शाळेऐवजी फडात. सुप्यातल्या खतात आणि या उचलीत फरक सांगा पाहू! त्या कोयत्यालाही लोक म्हणतात, "उचल घेऊन उडवतात, यांचा स्वभावच तसा."

आणखी एक गोष्ट आपल्यालाच सांगावी लागेल, कारण दुसरे कोणी सांगणार नाही. १८७५ साली सावकाराची खते जळाली, पण महाराच्या गळ्यातले वतनाचे खत कोणी जाळले नाही. ते कागदावर नव्हतेच, ते जन्मावर लिहिलेले होते. रात्रंदिवस सरकारचे आणि गावाचे काम करायचे आणि बदल्यात तुटपुंजी वतनी जमीन आणि दारोदार फिरून मागायचे बलुते. बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारता'तून या वतनावर आसूड ओढले, १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात दुरुस्तीचे विधेयक आणले. वतने प्रत्यक्ष संपायला १९५८ चा कायदा यावा लागला. कुणब्याच्या कर्जावर सरकारने चार वर्षांत कायदा केला. आपल्या वेठीवर कायदा व्हायला आणखी ऐंशी वर्षे गेली.

मूर्खाची लक्षणे कोणी लिहिली?

महाराष्ट्रात मूर्खपणाचा विषय निघाला की 'दासबोध' पुढे येतोच. त्यातला मूर्खलक्षणांचा समास प्रसिद्ध आहे. निबंधात, भाषणात, कीर्तनात तो हमखास वापरला जातो. त्यातली काही लक्षणे व्यवहाराला धरून आहेत, हे आम्ही नाकारत नाही. पण त्या लांबलचक यादीत एक लक्षण शोधूनही सापडत नाही. आपल्यासारख्या हाडामांसाच्या माणसाची सावली विटाळ मानणारा तो मूर्ख, असे लक्षण तिथे नाही. तहानलेल्याला पाणवठ्यावरून हाकलणारा तो मूर्ख, असेही नाही. त्या काळातला सगळ्यात मोठा, सगळ्यात रोजचा मूर्खपणा यादीतून सुटला. तो सुटला कारण यादी करणाऱ्याला तो मूर्खपणा वाटतच नव्हता.

हा आमचा तर्क आहे असे कोणी म्हणेल. मग त्याच ग्रंथाचा पाचवा दशक उघडा, पहिला समास वाचा. तिथे गुरू कोणाला करावे याचा विचार आहे. ब्राह्मण मूढ बुद्धीचा असला तरी तो वंदनीयच, आणि अंत्यज शब्दज्ञानात कितीही चांगला असला तरी त्याचा उपयोग काय, असा तिथला आशय आहे. झाला खुलासा! ज्या ग्रंथाने मूर्खाची लक्षणे सांगितली, त्याच ग्रंथात मूर्ख वंदनीय आहे आणि ज्ञानी बिनकामाचा आहे, फरक फक्त जन्माचा. म्हणजे या व्यवस्थेत 'मूर्ख' हा शब्द अकलेबद्दल नव्हताच. तो जागा दाखवण्यासाठी होता. ज्याला शिकण्याची बंदी, त्यालाच अडाणी म्हणून हिणवायचे. आधी दिवा विझवायचा आणि मग तुला दिसत नाही म्हणून हसायचे.

हेच आज नव्या भाषेत चालते. आरक्षणाने आलेला मुलगा म्हणजे कमी गुणवत्तेचा. देणगी भरून आलेला मुलगा म्हणजे हुशार घरचा. बाबासाहेबांच्या जयंतीला जाणारा अंधभक्त आणि मुहूर्त बघून गाडी विकत घेणारा संस्कारी. लक्षणांची यादी बदलली, यादी करणारे हात बदलले नाहीत.

स्वभाव नव्हे, अविद्या

आपल्या परंपरेने या विषयाकडे मुळातूनच वेगळ्या नजरेने पाहिले. जोतीराव फुल्यांनी सुप्याच्या दंग्यांनंतर काही वर्षांतच, १८८३ मध्ये, 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. शूद्रातिशूद्रांची बुद्धी, नीती, गती आणि वित्त का खचले याचे मूळ त्यांनी एका शब्दात सांगितले. तो शब्द 'स्वभाव' नाही, 'मूर्खपणा'ही नाही. तो शब्द आहे अविद्या.

दोन्हींतला फरक नीट समजून घ्या. मूर्ख म्हटले की दोष माणसाचा झाला आणि विषय मिटला. अविद्या म्हटले की लगेच प्रश्न उभा राहतो. विद्या कोणी अडवली? ती कशी मिळवायची? मूर्ख हा शिक्का आहे. अविद्या हे निदान आहे, आणि निदान झाले की उपचार करता येतो. म्हणूनच जोतीरावांनी आणि सावित्रीमाईंनी शाळा काढल्या.

तथागतांची भाषाही हीच. धम्मपदात पाचवा वग्ग आहे बालवग्ग. पाली भाषेत 'बाल' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, लहान मूल आणि मूर्ख. यात मोठे शहाणपण आहे. मूर्ख म्हणजे ज्याची वाढ अजून झाली नाही तो. मूल कायमचे मूल राहत नाही. बालवग्गानंतर लगेच पुढचा वग्ग येतो तो पंडितवग्ग, म्हणजे शहाण्यांचा. एकातून दुसऱ्यात जायला जातीचा दाखला लागत नाही. सफाई करणारा सुनीत, न्हावी उपाली, माणसे मारणारा अंगुलिमाल, सगळे त्या वाटेने गेले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात ही उदाहरणे मुद्दाम एकत्र मांडली. माणूस बदलू शकतो, हा धम्माचा पाया आहे. माणूस बदलूच शकत नाही असे मानले तर १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसे जमली ती कशासाठी? त्यांनी २२ प्रतिज्ञा घेतल्या त्या कशासाठी? दीक्षा म्हणजेच 'माणसाचा स्वभावच असा' या वाक्याला दिलेले जाहीर उत्तर.

मग आपल्या मूर्खपणाचे काय?

इथपर्यंत वाचून काही तरुण खूश झाले असतील. दोष व्यवस्थेचा आहे, आपण मोकळे! नाही मित्रांनो. आता आपल्या घराकडे वळू.

कोणी म्हणेल, आत्ताच तुम्ही आयोगाचा दाखला देऊन सांगितले की लग्नाच्या खर्चाने रयत बुडाली नाही, आणि आता आम्हालाच उपदेश करता? हा आक्षेप रास्त आहे. उत्तर असे की गुलामी कशामुळे आली आणि ती कशी तोडायची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपली दैना आपल्या उधळपट्टीमुळे आली नाही. पण जी थोडी ताकद हातात आली आहे ती आपण कुठे घालवतो, यावर सुटका अवलंबून आहे. मालक आपल्याला उधळे म्हणतो ते आपला हक्क नाकारण्यासाठी. बाबासाहेब तेच सांगत ते हक्क घेण्याचे बळ यावे म्हणून. मार्च १९२७ मध्ये महाडला त्यांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले आणि त्याच परिषदेत मृत जनावराचे मांस सोडा, शिळ्यापाक्या तुकड्यांसाठी हात पसरू नका, असेही बजावले. दोन्ही एकाच वेळी. यातले एकच उचलणारा बाबासाहेबांचा अर्धा अनुयायी.

आता हिशेब करू. समजा, लग्नासाठी खासगी सावकाराकडून दोन लाख घेतले, दर महिना शेकडा तीन रुपये. महिन्याला सहा हजार फक्त व्याज. वर्षाला बहात्तर हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. कंत्राटी कामगाराच्या पगारातून हे सहा हजार गेले की धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या प्रवेशाला पैसे नसतात. हत्ती-घोडे नाहीत तरी डीजे, ड्रोन, हजाराचे जेवण, पाच गावांचे मानपान. हे सगळे कोणाला दाखवायला? ज्यांनी आपल्या आजोबाला वरातीत घोड्यावर बसू दिले नाही, त्यांना दाखवायला. राग आम्हाला समजतो. पण त्यांच्याच तऱ्हेने मिरवून, त्यांच्याच सावकाराच्या पैशाने, आपण त्यांना उत्तर देतो की त्यांची वही भरतो?

जयंतीचे तेच. १४ एप्रिलला आनंद झालाच पाहिजे, तो आपल्या मुक्तीचा सण आहे. जयंतीला नाके मुरडणाऱ्यांच्या रांगेत आम्ही नाही. पण अनेक गावांत त्या दिवशी १८ तास अभ्यासाचे उपक्रम चालतात आणि काही वस्त्यांत भिंती हादरवणाऱ्या आवाजात आजारी म्हाताऱ्या माणसांना दोन रात्री झोप नसते. दोन्ही बाबासाहेबांच्याच नावाने. वर्गणीचा हिशेब मागितला की भांडणे. विहाराला कुलूप, वाचनालयाच्या कपाटाला बुरशी.

मग नवस आणि देवऋषी. घरात बाबासाहेबांचा फोटो, आणि पोराला ताप आला की लिंबू-मिरची. २२ प्रतिज्ञा पाठ आहेत, आणि आषाढात मरीआईला बोकड ठरलेले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जीव दिला तेव्हा २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा आपल्या बाजूने आहे, बुद्ध आपल्या बाजूने आहेत, तरी पैसे मांत्रिकाच्या खिशात.

आणि सगळ्यात मोठा मूर्खपणा, जो या दोन तालुक्यांत हवेसारखा सगळीकडे आहे. नेत्याची भक्ती. चौकाचौकात फ्लेक्स. साहेबांचा वाढदिवस, दादांचा वाढदिवस, भाऊंची निवड. खाली आपल्या पोरांचे पासपोर्ट फोटो रांगेने, नावापुढे 'युवा नेते'. कारखान्याची निवडणूक असो, झेडपी असो की लोकसभा असो, वस्तीतली पोरे दोन-तीन गटांत वाटली जातात आणि एकमेकांची डोकी फोडतात. निकालानंतर वरचे एकमेकांच्या लग्नात जेवतात आणि आपल्या पोरांवरच्या केसेसच्या तारखा चालू राहतात. कारखान्यात, बँकेत, दूध संघात, शिक्षण संस्थेत आपली किती माणसे कायम नोकरीत आहेत, हा प्रश्न फ्लेक्सवर कधी छापला जात नाही.

बाबासाहेबांनी हे आधीच ओळखले होते. जानेवारी १९४३ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावर बोलताना त्यांनी विभूतिपूजेवर कडक टीका केली. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी इशारा दिला की धर्मात भक्ती माणसाला मोक्षाकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा दिल्लीपुरता नव्हता. तो प्रत्येक चौकातल्या फ्लेक्ससाठी होता. आणि स्पष्टच सांगायचे तर तो आपल्या चळवळीतल्या नेत्यांनाही लागू आहे. 'आपल्या' नेत्याला प्रश्न विचारणारा तरुण गद्दार ठरवणारी संघटना बाबासाहेबांची नव्हे.

चांगले जगणे म्हणजे काय?

बारामतीला एका मोठ्या कवीचा वारसा आहे. मोरोपंत इथे राहिले, इथेच १७९४ साली वारले. पेशव्यांचे सावकार आणि सोयरे असलेल्या बारामतीकर नाईकांचा त्यांना आश्रय होता. त्यांच्या 'केकावली'तला एक श्लोक महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी शाळेत प्रार्थना म्हणून म्हटला. नेहमी चांगल्यांची संगत मिळो, चांगले बोल कानी पडोत, मनातला मळ जावो, अशी त्यात मागणी आहे. मागणी वाईट नाही. पण आम्ही विचारतो, ती संगत कोणाला मिळत होती? मोरोपंतांच्या बारामतीत कऱ्हेच्या काठी महारवाड्यातला माणूस सज्जनांच्या किती जवळ बसू शकत होता? त्याच पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी 'जातिसंहार'मध्ये नोंदवले आहे. ज्या समाजात शिवायचीच बंदी आहे, तिथे सत्संगाची प्रार्थना चार घरांपुरतीच खरी. चांगले जगणे एकट्याला मागून मिळत नाही. त्यासाठी आधी समाज माणसांचा करावा लागतो.

जोतीरावांनी हे ओळखले होते. अर्धांगवायूने उजवा हात गेल्यावर डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहिला. १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, तो छापला गेला. त्याची सुरुवातच माणूस सुखी कसा होईल या प्रश्नाने होते, आणि उत्तर आहे सत्यवर्तन. सत्य बोलून घरी बसणे नव्हे, इतरांशी सत्याने वागणे. सुख ही मनाच्या आत लपलेली पुडी नाही, ती माणसामाणसातल्या वागण्याची गोष्ट आहे.

बाबासाहेब आणखी पुढे गेले. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून घर सोडले, ही कथा त्यांना पटली नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये त्यांनी वेगळी मांडणी केली. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्यातून त्याला घर सोडावे लागले. बारामती-इंदापूरच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. नीरा डाव्या कालव्याचे पाणी वरच्यांना आणि टेलच्या शेतकऱ्याला वाट बघणे. एका पट्ट्यात बारमाही ऊस आणि सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यात उन्हाळ्यात टँकर. उजनीच्या पाण्याखाली इंदापूरच्या गावांची शिवारे गेली, आणि तेच पाणी कोणाचे यावर दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यात भांडण. आणि ज्याच्या नावावर जमीनच नाही, तो या भांडणात मोजलाही जात नाही. दुःखाचे मूळ बुद्धाने आकाशात शोधले नाही. ते पाण्याच्या वाटपातही सापडते, तृष्णेतही सापडते, आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेले असतात.

तरुणांनो, म्हणून सिगालोवाद सुत्त वाचा. भिक्खूंसाठी नव्हे, घरसंसार करणाऱ्यासाठी ते आहे. संपत्ती नासण्याच्या सहा वाटा त्यात सांगितल्या आहेत. नशा, अवेळी रस्त्यावर भटकणे, तमाशे-जलशांचा नाद, जुगार, वाईट संगत आणि आळस. आजची नावे घाला. ढाबा, रात्रीचे चौक, डीजे, ऑनलाइन रमी, गटाची पोरे आणि मोबाइल. कमाईचे चार भाग करा, एक खर्चाला, दोन कामधंद्यात, एक अडचणीसाठी ठेवा, असेही तिथे सांगितले आहे. यात देव नाही, स्वर्ग नाही, पूजा नाही. फक्त माणसाने माणूस म्हणून ताठ उभे राहण्याचा हिशेब आहे.

बोलून थांबायचे नसेल तर हे करा. विहाराचे कुलूप काढा आणि आठवड्यातून एक दिवस वस्तीतल्या कर्जाच्या वह्या एकत्र वाचा. व्याज किती, मुद्दल किती, कागदावर सही कशावर केली. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ सालचा आहे. परवाना नसलेली सावकारी गुन्हा आहे आणि बेकायदा सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद त्यात आहे. तो कायदा मोठ्याने वाचून दाखवा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के निधी मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो. तो कुठे गेला, हे ग्रामसभेत विचारा, उत्तर नाही मिळाले तर माहिती अधिकारात विचारा. जयंतीच्या वर्गणीतला ठरावीक भाग पुस्तकांना आणि अभ्यासिकेला, तोही हिशेब फलकावर लिहून. लग्न बौद्ध पद्धतीने, नोंदणी करून, जेवढे खिशात आहे तेवढ्यात. आणि हंगाम सुरू झाला की आपल्या शिवारातल्या कोप्यांवर जा. तिथल्या मुलांना जवळच्या शाळेत नेऊन बसवा, मुकादमाच्या वहीतले आकडे त्यांच्या आईबापांना वाचून दाखवा. ते बीडचे आहेत, आपल्या जातीचे नाहीत, असे म्हणणारा तरुण स्वतःला आंबेडकरवादी म्हणवून घेऊ शकत नाही.

सुप्यात शेतकऱ्यांनी खते जाळली, कारण ती वाचता येत नव्हती. आपल्याला वाचता येते. आपण काही जाळायची गरज नाही, आपण वही उघडायला लावू आणि हिशेब मागू. ज्या दिवशी वस्तीतला पोरगा नेत्याच्या फ्लेक्सखाली फोटो देण्याऐवजी त्याच नेत्यासमोर ग्रामसभेत उभा राहून आकडा विचारेल, त्या दिवशी 'माणसाचा स्वभावच असा' हे वाक्य या दोन तालुक्यांत कोणी सहज बोलू शकणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!